भडकण्याआधी एक प्रश्न

गोविंद निहलानींची ‘तमस’ ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. आज ती पुन्हा पाहताना काळजात चर्र होतं. मालिकेत फाळणीच्या तोंडावर नत्थू नावाच्या माणसाला डुक्कर मारायला सांगतात, जनावरांच्या डॉक्टरला हवंय म्हणून. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर दिसतं आणि शहर पेटतं. कुणी टाकलं, हे विचारायला कुणी थांबत नाही. मालिकेवर बंदी यावी म्हणून खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली, मगच निकाल दिला आणि मालिका सुरू राहिली. आज राजकारणात लोकांना भडकवण्याचा तोच डाव मोबाइलवरून खेळला जातो. माथं भडकवणारा निरोप आला, तर पुढे पाठवण्याआधी आपणही स्वतः शहानिशा करू या. आणि विचारू या, वणवा पेटला तर पोळी कुणाची भाजणार?