भाल्याचा कर्ता कोण?

अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या चरित्रात ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने एक गोष्ट नोंदवली आहे. स्पर्धेच्या वेळी एका खेळाडूच्या भाल्याने फार्सालस गावचा एक माणूस ठार झाला. मग पेरिक्लीस आणि तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस यांनी आख्खा दिवस एकाच प्रश्नावर घालवला: या मृत्यूला खरे कारण कोण? भाला, तो फेकणारा, की स्पर्धा भरवणारे? पेरिक्लीसच्या मुलाने ही हकीकत बापाची टिंगल करण्यासाठी गावभर केली. त्याला तो काथ्याकूट वाटला. मला मात्र तो दिवस सत्कारणी लागलेला वाटतो. माणसाचा जीव घेणाऱ्या निर्जीव वस्तूवर खटला चालवून ती हद्दपार करण्याची रीत अथेन्समध्ये होती, तेव्हा भाल्याचे नाव घेणे हा नुसता विनोद नव्हता. आणि आपणही फार वेगळे वागतो असे नाही. शाळेच्या मैदानावर मुलाला इजा झाली की भाले कोठीत जातात, भालाफेक बंद होते आणि चौकशी तिथेच संपते.

प्रश्न जुना असला तरी शिळा नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये केरळमधील पाला येथे राज्यस्तरीय कनिष्ठ मैदानी स्पर्धेत भालाफेकीसाठी मदतनीस म्हणून उभ्या केलेल्या शाळकरी मुलाच्या डोक्याला हातोडाफेकीतला गोळा लागला आणि काही दिवसांनी तो गेला. दोन्ही फेकी एकाच मैदानावर एकाच वेळी चालू होत्या. सप्टेंबर 2024 मध्ये रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात शाळेच्या सरावात दुसऱ्या विद्यार्थ्याने फेकलेला भाला लागून दहावीतला मुलगा मरण पावला. अशा वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात: ‘त्याचं आयुष्यच तेवढं होतं’ आणि ‘त्यानं बघायला नको होतं का?’ पहिले दैवाकडे बोट दाखवते, दुसरे मुलाकडे. दोन्ही वाक्यांतून ते मैदान आखणारा मोठा माणूस निसटतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. ही यादी मैदानावर नेली तर अधिष्ठान म्हणजे फक्की मारलेली जागा, कर्ता म्हणजे फेकणारा मुलगा, करण म्हणजे भाला आणि चेष्टा म्हणजे त्याची धाव व हाताची झेप. दैव पाचवे. गीतेने ते नाकारलेले नाही. पण उरलेली चार तपासण्याआधीच पाचव्यावर हवाला टाकायला तिचा आधार मिळत नाही. जाणकार लगेच अडवतील. हे विवेचन अहंकार विरघळवण्यासाठी आहे, दोषाची वाटणी करण्यासाठी नव्हे; पुढच्याच श्लोकांत तर निरहंकारी माणूस मारूनही मारत नाही, असा भाव आहे. आक्षेप खरा आहे. पण त्याच अध्यायात थोडे पुढे, परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत न पाहता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. एका मैदानावर दोन फेकी एकदम उरकून घेण्याचे वेळापत्रक या व्याख्येत नेमके बसते. निरहंकार असणे निराळे आणि बेफिकीर असणे निराळे.

मग फेकणाऱ्या मुलाचे काय? महाभारतातले अणीमांडव्य ऋषी इथे मदतीला येतात. लहानपणी कीटकांना गवताची काडी टोचली म्हणून धर्माने त्यांना सुळाची शिक्षा भोगायला लावली. ऋषींनी उलट धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे कृत्य पाप धरले जाणार नाही अशी मर्यादा घातली. विदुराचा जन्म त्या शापातला. ज्या परंपरेने प्रत्यक्ष धर्मालाही मुलावर अवाजवी भार टाकू दिला नाही, तिच्या वारसांनी हातातून भाला सुटलेल्या पोराला आयुष्यभर खुनी समजावे, हे मला मान्य नाही. ग्रीक वक्ता अँटिफॉनच्या एका सराव-खटल्यातही मुलगा भाल्याने मरतो. फेकणाऱ्याचा बाप म्हणतो की मेलेला मुलगाच भाल्याच्या वाटेत आला. पण भाले गोळा करायला शिक्षकाने बोलावले होते, म्हणूनच तो तिथे आला होता. आणि आरोपी मात्र तो शिक्षक नाही! अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर आजच्या चौकशी अहवालासारखा वाचता येतो.

पण मूल पापी नाही म्हणजे त्याला काही शिकवायचे नाही, असे होत नाही. दशरथाने आवाजावर बाण सोडला आणि श्रावण गेला. नेम अचूक होता, पण पलीकडे कोण आहे हे त्याने पाहिले नव्हते. फेक शिकवताना आधी हे पाहणेच शिकवायचे असते. सगळे रेषेच्या मागे, सगळ्यांची फेक एकाच दिशेला, शिट्टीशिवाय कोणी पुढे जायचे नाही, भाला उभा धरून चालत परत आणायचा, उलट फेकायचा नाही. याला एक पैसाही लागत नाही, म्हणून ‘आमच्या शाळेकडे साधने कुठे?’ हा बचाव निम्मा कोसळतो. उरलेला निम्मा मात्र टिकतो: जाळीचा पिंजरा नसेल तर हातोडाफेक शाळेत घेऊच नये. उड्यांचेही तेच. पाठीवरून उंच उडी मारून डिक फॉसबरीने 1968 मध्ये मेक्सिकोत 2.24 मीटरवर सुवर्णपदक जिंकले ते खाली जाड गादी होती म्हणून. वाळूवर ती उडी शिकवणे म्हणजे मान मोडण्याची तयारी. तिथे कात्री उडीच बरी, आणि तीही वाळू खणून मोकळी केल्यावर.

इतकी काळजी घेतली तर खेळातले धाडस मरेल, असे काहींना वाटते. पण 1984 मध्ये उवे होनने 104.80 मीटर भाला फेकला, तेव्हा फेक मैदानात मावेनाशी झाली होती आणि भालेही सपाट पडत होते. जागतिक महासंघाने त्याच्या धाडसाला दोष न देता 1986 पासून भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला. भालाफेक संपली नाही. 2021 मध्ये नीरज चोप्राने त्याच रचनेचा भाला 87.58 मीटर फेकून टोकियोत सुवर्ण आणले. धाडस खेळाडूने स्वतःच्या अंगावर घ्यायचे असते. भाला वेचायला पाठवलेल्या मुलाने ते केव्हा पत्करले?

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि तालुका स्पर्धांच्या संयोजकांना विनंती एवढीच की या हंगामाच्या वेळापत्रकात दोन फेकी एका वेळी ठेवू नका, फेकीच्या क्षेत्रात विद्यार्थ्यांना मदतनीस म्हणून उभे करू नका, आणि प्रत्येक फेकीसाठी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेल्या एका शिक्षकाचे नाव आधीच लिहून ठेवा.