हरकत

पहाटे पाचला रिह्याहून घोटावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोरं पळत असतात. भरतीची पोरं. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की पूर्ण गुण, हे गणित त्यांना पाठ आहे. रस्त्याच्या कडेला मफलर गुंडाळून, हातात मोबाइलचं घड्याळ लावून आमचे नाना उभे असतात. मराठा पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, तेव्हापासून गावातल्या पोरांचा वेळ मोजणं हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. पोरगं दमून खाली बसलं की ते एवढंच म्हणतात, "बसू नको. चाल."

२०२५ च्या मे महिन्यात सीमेवर चार दिवस तोफा धडधडत होत्या, तेव्हाही ही पोरं पळत होती. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, पुणे जिल्ह्यातही झाले. त्याच आठवड्यात पुण्यात शिकणारा माझा पुतण्या हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन तीन-चार मित्रांबरोबर एका चौकात उभा राहिला. अर्धा तास. कुणी शिवी दिली, कुणी फोटो काढला, बाकीचे सिग्नल सुटल्यावर निघून गेले. फोटो मात्र त्याच्या आधी रिह्यात पोचला. शनिवारी तो गावी आला तेव्हा देवळासमोरच्या पारावर त्याची वाटच बघत होते.

"पाटी धरून तोफ थांबते काय रे?" कुणीतरी विचारलं.

"तिकडं पोरं मरत्यात आणि तू चौकात उभा?" दुसऱ्याचा सवाल.

पोरगा चिडला, म्हणाला, "मरू नयेत म्हणूनच उभा होतो." नाना कोपऱ्यात बसून तंबाखू मळत होते. बोलले काहीच नाहीत.

पहिला प्रश्न साधा वाटतो, पण शतकभराचा वाद त्यात आहे. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध जगभरातल्या शेकडो शहरांत लाखो माणसं रस्त्यावर आली. इतकी माणसं एकाच दिवशी एकाच मागणीसाठी क्वचितच उतरली असतील. पाच आठवड्यांनी, २० मार्चला, बॉम्ब पडायचे ते पडलेच. मग उतरून काय मिळवलं? हा प्रश्न तेव्हा लंडनमध्ये विचारला गेला, आमच्या पारावरही विचारला गेला.

उत्तरासाठी मला लंडनला जायची गरज वाटत नाही. आमच्या खोऱ्याबाहेर पडून पौडावरून पुढे गेलं की मुळशीच्या धरणाचं पाणी दिसतं. रिहे बुडालं नाही, पण तालुक्यातली कितीतरी गावं बुडाली. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट, शंकरराव देव ही पुढची मंडळी आणि त्यांच्यामागे भात पिकवणारे मावळे. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच मुळशीच्या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. पण मला त्या लढ्यातलं यश-अपयश जितकं खुणावतं, त्याहून जास्त खुणावतं लढणाऱ्यांचं आपसातलं भांडण.

भांडण साधनांवरून होतं. बापट तरुणपणी पॅरिसहून बाँबची कृती घेऊन आलेले. अहिंसा त्यांना मान्य होती, पण शेवटपर्यंत आणि सगळ्या प्रसंगी नाही. 'शुद्ध सत्याग्रह' ही त्यांची स्वतःची कल्पना होती आणि वेळ आली तर बळ वापरणं तिच्यात बसत होतं. गांधीजींना ते पटेना. त्यांनी या चळवळीबद्दल तीन गोष्टी मांडल्या: बहुतेक बाधितांनी मोबदला घेतला आहे, धरण बरंच बांधून झालं आहे, आणि पुढारी पूर्णपणे अहिंसेचा माणूस नाही. म्हणून लढा सोडून द्यावा. बापटांनी सोडला नाही. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामावरची आगगाडी अडवली, झटापट झाली, गोळी चालली. सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरं झालं.

बापटांच्या धैर्याबद्दल शंका घेणाऱ्याची जीभ मुळशीत अजून अडखळते, आणि ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट नोंदवावी लागते. टाटांच्या ज्या कंपनीशी भांडण होतं तिचे मालक त्या गाडीत नव्हते. गाडी चालवणारी, तिच्यातून जाणारी माणसं पोटासाठीच आलेली होती. विरोधाचा धक्का ज्याच्याशी भांडण आहे त्याला न बसता तिसऱ्याला बसला, की विरोध करणाऱ्याचं म्हणणं मागे पडतं आणि धक्काच लक्षात राहतो. आज चांदणी चौकात कुणी रस्ता अडवला तर अडकलेल्या रिक्षावाल्याला मागणी काय होती ते आठवत नाही, आपलं भाडं बुडालं तेवढं आठवतं.

मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरलं आणि त्याची वीज मुंबईला गेली. टाटांच्या या जलविद्युत योजनांवर मुंबईच्या गिरण्यांचे साचे फिरू लागले. २ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याच मुंबईतल्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी दुसऱ्या महायुद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना लोटला होता, आणि हिंदुस्थानला न विचारताच व्हाइसरॉयने त्याला युद्धात ओढलं होतं. कम्युनिस्टांच्या पुढाकाराने झालेल्या या संपात धक्का कुणाला बसला? एका दिवसाच्या मजुरीला, म्हणजे कामगारांच्या स्वतःच्याच खिशाला. इथे किंमत मोजणारा आणि बोलणारा एकच होता. मुळशीच्या आगगाडीपेक्षा मला हे साधन उजवं वाटतं ते त्यासाठी. पुढे मात्र त्याच पक्षाने, हिटलरने सोव्हिएत संघावर चढाई केल्यावर, हे लोकयुद्ध असल्याचं ठरवलं आणि विरोध मागे घेतला. नाझींविरुद्ध उभं राहण्यात चूक नव्हती. पण काल नको असलेलं युद्ध आज हवंसं का झालं, याचं कारण गिरणगावाच्या बाहेर घडलं होतं. विरोध कुणाच्या वतीने होता, हा प्रश्न लोकांच्या मनात उरला तो उरलाच.

त्या संपानंतर वर्षभराने, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा उभे राहिले. गांधीजींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही. पद्धत पाहण्यासारखी आहे. गर्दी नाही, घेराव नाही. अधिकाऱ्यांना आधी कळवायचं, मग गावात उभं राहून सांगायचं की या लढाईला माणसांची किंवा पैशांची मदत करणं चूक आहे. २१ तारखेला विनोबांना अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली. मागोमाग काही महिन्यांत वीस हजारांहून जास्त माणसं अशीच तुरुंगात गेली. युद्ध एका दिवसानेही लवकर संपलं नाही.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. सुभाषबाबूंसारख्यांना हे फार मवाळ वाटलं: सरकार अडचणीत असताना जोरात घाव घालायचा सोडून एकेकाने भाषण करून तुरुंगात जायचं, ही कसली लढाई? सावरकरांना हे उलटं वाटलं: हिंदू तरुणांनी सैन्यात शिरून शस्त्र शिकायची संधी घालवू नये. बाबासाहेबांचा आक्षेप सगळ्यात खोल होता. नाझी जिंकले तर स्वातंत्र्य, समता हे शब्दच उरणार नाहीत, तेव्हा या युद्धात तटस्थ राहता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यात आणखी एक पदर होता. ज्या महारांसाठी इंग्रजांनी सैन्याचं दार बंद केलं होतं, त्यांची पलटण ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात पुन्हा उभी राहिली. ज्याला गावात पाणवठा नाही, त्याला गणवेश म्हणजे काय वाटत असेल, हे गणवेश नाकारणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवं होतं. युद्धविरोधी बोलणाऱ्यांची ही चूक जुनी आहे: ते तत्त्वाशी बोलतात, पलटणीत गेलेल्या पोराच्या घराशी बोलत नाहीत. आणि खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट केली होती, हेही विसरून चालत नाही. तेव्हा 'युद्ध नको' हा मंत्र नाही. कोणतं युद्ध, कधी, कुणाच्या संमतीने, हे दर वेळी नव्याने विचारावं लागतं.

मग या सगळ्याचं मोल कशात मोजायचं? त्याचं उत्तर मला नानांच्याच एका जुन्या प्रकरणात सापडलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या भावकीत जमिनीचा फेरफार निघाला. आमच्याकडे जमिनीला भाव आल्यापासून असे फेरफार दर महिन्याला निघतात. बहिणींना न विचारता वाटणी केली होती. तलाठ्याकडून नोटीस निघाली, चावडीवर लागली. हरकत घ्यायला पंधरा दिवस. मुदतीत कुणी बोललं नाही तर नोंद मंजूर होते, कारण गप्प बसलेल्याला ती मान्य आहे असं धरतात. नानांनी बहिणींकडून हरकत घेववली. प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत गेलं, मंडल अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली, निकाल विरुद्ध लागला. भावकी हसली. नाना म्हणाले, "हरलो हे खरं. पण आता कुणी म्हणू शकत नाही की बहिणींना चाललं." वर अपील करताना तीच हरकत पहिला कागद ठरली.

युद्धविरोधी निदर्शन ही हरकत आहे. हरकतीने सातबारा लगेच बदलत नाही, पाटीने तोफ थांबत नाही. पण युद्ध नेहमी सगळ्यांच्या नावाने लढलं जातं, 'देशाला हेच हवं आहे' असं म्हणून. गप्प बसलेल्यांची संमती तिथेही धरली जाते. त्या नोंदीवर कुणीतरी मुदतीत हरकत घेतली, तर निदान ती बिनविरोध मंजूर होत नाही. विनोबांनी केलं ते एवढंच, आणि नोंदलेलं पक्कं राहावं म्हणून वीस हजारांनी तुरुंगाचा शिक्का मारून घेतला.

हरकतीचे नियमही गावाला ठाऊक असतात. ती मुदतीत हवी, सगळं झाल्यावर 'मी तेव्हाच म्हणत होतो' याला किंमत नाही. ती स्वतःच्या सहीने हवी, खर्च स्वतःचा हवा. ज्याच्यापुढे ठेवायची त्याला वाचता येईल अशा भाषेत हवी. आणि हितसंबंध दाखवावा लागतो: तुझा या जमिनीशी संबंध काय?

या शेवटच्या नियमावर २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईत मोठा वाद झाला. गाझातल्या युद्धाविरुद्ध आझाद मैदानावर निदर्शनं करू द्यावीत म्हणून डावे उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने याचिका फेटाळली, वर आपल्या देशातले प्रश्न काय कमी आहेत, त्यांच्याकडे बघा, अशा अर्थाचं सुनावलं. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि निदर्शनं झालीही. पण न्यायालयाचा तो सवाल पारावरचाच होता, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा रिह्यातल्या किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी महागली. दूरच्या युद्धाचा आपल्याशी संबंध नसतो हे किराणा दुकानदारही मान्य करणार नाही. आणि निव्वळ खिशाचं सोडा. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला तर आपण सातबारा बघून जात नाही. तरी न्यायालयाच्या बोलण्यात एक बोचरं सत्य आहे: दूरच्या युद्धावर बोलणारा माणूस जवळच्या माणसाशी बोलत नसेल, तर त्याची हरकत फक्त फोटोत दिसते.

पुतण्याचं नेमकं तेच झालं होतं. चौकातल्या शंभर अनोळखी माणसांना त्याने पाटी दाखवली, पण पहाटे पळणाऱ्या पोरांना, ज्यांच्यासाठी तो उभा होता असं म्हणत होता, त्यांना तो भेटलाच नव्हता. आणि पारावरच्या आम्हीही, त्याच्यावर तुटून पडण्याआधी, पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं नव्हतं. फोटोत अक्षर धूसर होतं.

ते विचारलं शेवटी नानांनीच. तंबाखूची चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "पाटी आहे का रे जवळ? आण."

पोरगा गाडीच्या डिकीतून पुठ्ठा घेऊन आला. टीव्हीच्या खोक्याचा होता, मागे 'ही बाजू वर'ची बाणांची खूण तशीच. पुढे मार्करने लिहिलं होतं: युद्ध नको, शांतता हवी. नानांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. पारावर कुणी बोलेना. मग त्यांनी 'हवी'च्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पण कुणाला हवी? अर्जावर अर्जदाराचं नाव लागतं, बाळा. नाव लिही. आणि उद्या पहाटे पाचला ये रस्त्यावर. पोरांना दाखव. ती काय म्हणतात तेही ऐकून घे."