हाकेची किंमत कोणी द्यायची?

लातूर जिल्ह्यातल्या देवणीचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते काळ्या-पांढऱ्या देखण्या गोवंशामुळे. त्या गाई-बैलांची नोंद सरकारी दप्तरात पक्की आहे. पोटासाठी इथून बाहेर पडलेल्या माणसांची नोंद तितकी पक्की नाही. मांजरा नदी तालुक्याच्या अंगाने वाहते, पण तिचे पाणी सगळ्यांच्या शिवारात येत नाही; आणि १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातून शहरांकडे जी वाट पाडली ती पुढे कधी मोडली नाही. कोणी हैदराबादला गेले, कोणी पुण्याला पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीत, कोणी मुंबईत धारावी किंवा मानखुर्द-गोवंडीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या झोपडपट्ट्यांची लोकसंख्या १ कोटी १८ लाख भरली, देशातल्या कोणत्याही राज्याहून जास्त. त्यांतल्या कित्येक घरांचा एक उंबरा अजून गावाकडेच आहे.

म्हणून शहरातल्या वस्त्यांना स्वस्त फोन आणि स्वस्त इंटरनेट कसे मिळेल याची चर्चा होते तेव्हा मला ती अर्धीच वाटते. वस्तीतल्या प्रत्येक फोनला दुसरे टोक असते आणि ते बहुधा देवणीसारख्या गावात असते. तिथे म्हातारी आई असते, बटईने दिलेले दीड एकर असते, आजीजवळ ठेवलेले लेकरू असते. ही माणसे फोन करतात त्यापेक्षा फोनची वाट जास्त पाहतात. स्वस्ताईचा विचार आपण बोलणाऱ्याच्या बाजूने करतो. वाट पाहणाऱ्याच्या बाजूने केला तर सगळा प्रश्नच बदलतो.

वस्तीत दूरध्वनी उशिरा पोचला, आणि त्याचे कारण निव्वळ पैसा नव्हते. तारेचा फोन घराला चिकटलेला असतो, आणि घर कायद्याने मानलेले असावे लागते. महाराष्ट्राचा झोपडपट्टी कायदा १९७१चा. १९७६मध्ये मुंबईतल्या झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले आणि तेव्हापासून कागद हाच माणसाचा आधार ठरला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन पदपथावरच्या झोपड्या हटवण्याची मुभाही दिली. ज्याचे घर उद्या असेल की नाही हे माहीत नाही त्याच्या दारात तार कोण ओढणार? मग वस्तीतला माणूस गावी पी.पी. नंबर कळवायचा. नंबर किराणा दुकानदाराचा किंवा इमारतीत राहणाऱ्या मालकाचा, आणि त्याच्या सवडीवर व मर्जीवर निरोप अवलंबून.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली, हजारो माणसे गेली. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत राहणाऱ्या बहुतेकांना आपले घर उरले की नाही हे कळायला रेडिओ, वर्तमानपत्र आणि एसटी एवढाच आधार होता. त्या दिवसांत ज्यांनी वाट पाहिली त्यांना संपर्क ही चैनीची गोष्ट आहे, असे कोणी समजावू शकणार नाही.

संपर्काची किंमत कोणी द्यायची, हा वाद मोबाइलपेक्षा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा ते घेणारा देई, आणि तेही अंतराप्रमाणे. टपालसुधारक रोलंड हिल यांनी १८३७च्या आपल्या पुस्तिकेत कवी कोलरिज यांची एक आठवण दिली आहे. एक गरीब स्त्री भावाचे पत्र परवडत नाही म्हणून परत करत होती. कोलरिज यांनी पैसे भरले, तर आत कागद कोरा निघाला. भावाबहिणीचे ठरलेले होते: पत्र दारात आले की तो खुशाल आहे असे समजायचे. पुढे दीडशे वर्षांनी आपल्या माणसांनी मिस्ड कॉल शोधला तो याच गरजेतून. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. किंमत आवाक्याबाहेर गेली की गरीब माणूस बोलणे सोडत नाही. तो किमतीच्या अलीकडे आपली भाषा तयार करतो.

हिल यांचा खरा शोध हिशेबाचा होता. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाएवढा भरतो, असे त्यांनी दाखवून दिले. उरलेला सारा खर्च नोंदी करण्याचा, आकार ठरवण्याचा आणि दारोदारी वसुलीचा. म्हणजे अंतर महाग नव्हते, वसुलीची रीत महाग होती. १८४०मध्ये पेनी पोस्ट आली, पाठवणाऱ्याने आधीच पैसे भरायचे ठरले, आणि पत्र कष्टकऱ्याच्या घरात शिरले. हिंदुस्थानात १८५४च्या कायद्याने पाव तोळ्याच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा हा एकच दर आला. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. बिनतिकिटाच्या बैरंग पत्राला मात्र घेणाऱ्याकडून दुप्पट वसुली होई, आणि बैरंग पत्र दारात आले की घरात चिंता शिरे.

देवणीला या सोयीचाही पुरता लाभ नव्हता. उदगीरचा हा मुलूख १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात, आणि १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाचे टपालखाते वेगळे, तिकिटे वेगळी, आणि ती राज्याच्या हद्दीबाहेर चालत नसत. मुंबईच्या गिरणीत गेलेला माणूस खऱ्या अर्थाने परमुलखात गेलेला असे. गंमत वाटावी इतका हा इतिहास पुढे मोबाइलच्या नकाशात उमटला: महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक मंडळ, मुंबई निराळे मंडळ. मुंबईत घेतलेले सिम गावी आणले की रोमिंग. देवणीच्या सीमेवर तर कर्नाटकाचा टॉवर हाताशी, म्हणून घरात बसूनही माणूस परराज्यात. राज्य एक झाले, भाषा एक होती, तरी दरपत्रकाने पाडलेली सीमा कित्येक वर्षे टिकली.

संपर्क सगळ्यांच्या आवाक्यात आणण्याच्या वाटेवर देशाने दोनदा मोठे पाऊल टाकले. पहिले १९८४मध्ये, सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट हे दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झाले तेव्हा. सी-डॉटचे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झाले. वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असे ते यंत्र होते. ज्यांच्यासाठी बनवायचे त्यांचे हवामान आधी समजून घेऊन बनवलेले. त्या पाठोपाठ एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक गावोगाव आणि वस्तीवस्तीत लागले. रात्री दर उतरले की बूथबाहेर रांग लागे. ज्याला लिहिता येत नव्हते त्याला आता पोस्टमनकडून पत्र वाचून घ्यावे लागत नव्हते किंवा जीपीओसमोरच्या लेखनिकाला आपले दुःख ऐकवावे लागत नव्हते. आवाजाला अक्षरओळख लागत नाही. निरक्षर आईला मुलाचे बोलणे मध्ये कोणी न येता ऐकू आले, याचे मोल कोणत्याही आर्थिक अहवालात मावणारे नाही.

दुसरे पाऊल १ मे २००३चे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला तेव्हा फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत आणि गर्दीच्या वेळी मिनिटाचा दर सोळा रुपयांवर जाई. २००३मध्ये इनकमिंग फुकट झाले. भाषणे दर घसरल्याची झाली, पण माझ्या मते खरी क्रांती ऐकणे मोफत झाल्याची होती. खिशात एक रुपया नसलेला नाक्यावरचा मजूर त्या दिवसापासून मुकादमाला, डॉक्टरला, गावच्या भावाला सापडू शकत होता. ज्याच्या घराला नंबर नव्हता त्याला स्वतःचा नंबर मिळाला. झोपडी पाडली गेली, वस्ती उठली, तरी तो पत्ता उठत नव्हता. मार्च २००६मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला आणि अंतराची भिंतही खचली.

ही कमाई आपण नकळत गमावली. २००५-०६च्या सुमारास ९९९ रुपये भरून ‘लाइफटाइम’ इनकमिंग मिळत असे. २०१८च्या अखेरीस किमान रिचार्जची अट आली: २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर आधी जाणारा कॉल बंद आणि मग येणाराही. २०२४च्या दरवाढीनंतर हीच किमान रक्कम अनेक ठिकाणी दोनशेच्या आसपास पोचली. वर्षाला बारा महिने, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा. दरम्यान २०१६पासून डेटा इतका स्वस्त झाला की जगभर त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण रोज दीड जीबी डेटा वापरणाऱ्याला जो दर स्वस्त वाटतो तोच दर मुलाच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईला महाग पडतो, कारण तिला न लागणाऱ्या मालाचे पैसे तिच्याकडून घेतले जातात. महिनाभराच्या किराण्याऐवजी रोजची चहापत्तीची पुडी घेणाऱ्या घराला हे कोणी सांगायला नको. अखेर २३ डिसेंबर २०२४ रोजी ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने नियमात दुरुस्ती करून फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे व्हाउचर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. योग्य दिशेचे हे पाऊल आहे, पण येणारी हाक विकतच राहिली.

आणि आता त्या हाकेवर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त गोष्टी लटकलेल्या आहेत. बँक, रेशन, ई-श्रम, शिष्यवृत्ती, लाडकी बहीण या सगळ्यांची किल्ली म्हणजे ओटीपी, आणि ओटीपी हाही येणारा निरोपच आहे. वीटभट्टीवर सहा महिने रिचार्ज न करता काढलेल्या माणसाचा नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. त्या क्षणी तो एक फोन गमावत नाही. सरकारदरबारी स्वतःचे नाव सिद्ध करण्याची सोय गमावतो. स्त्रियांचे हाल आणखी वेगळे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्यांची ओळख नवऱ्याच्या, दिराच्या किंवा मुलाच्या खिशात फिरते.

स्वस्ताईच्या नावाखाली अपुरे काही देण्याचा मोहही ओळखायला हवा. निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे जग विकत, असा प्रस्ताव आपल्याकडे आला होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने तो मार्ग बंद केला. गरिबाने काय पाहायचे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हे त्या निर्णयाचे मर्म होते. उलट बाजूने पाहिले तर लोकांना काय लागते हे विचारले की तंत्रज्ञान आपोआप स्वस्त होते. कोल्हापूरकडे वारणानगरला १९९८मध्ये साखर कारखान्याच्या गावांत संगणककेंद्रे उभी राहिली. पुढे पाहणी केली तेव्हा शेतकरी मुख्यतः उसाचे वजन आणि कारखान्याकडची अशीच माहिती विचारतात असे दिसले, आणि ते काम साध्या एसएमएसवर भागू शकते हे प्रयोगाने सिद्ध झाले. महागडे यंत्र मागे पडले, गरज भागली.

कंपन्यांचे म्हणणे मला पुरते अमान्य नाही. टॉवरला वीज लागते, जागेचे भाडे लागते, आणि महसूल न देणारे ग्राहक कोणी कायम वागवणार नाही. पण इथेच हिल यांचा हिशेब पुन्हा मांडायला हवा. येणारा कॉल करणाऱ्याने पैसे भरलेलेच असतात. उभ्या असलेल्या टॉवरवरून तो पोचवण्याचा जादा खर्च नगण्य असतो. जो काही भार उरतो त्यासाठी कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के वाटा सार्वत्रिक सेवेसाठी बाजूला काढला जातोच. तो निधी आधीच्या कायद्याने ग्रामीण आणि दुर्गम भागांपुरता होता. २०२३च्या दूरसंचार कायद्यात तो डिजिटल भारत निधी झाला आणि त्याच्या हेतूंत वंचित शहरी भागांचाही समावेश झाला. कायद्याने प्रथमच मान्य केले की शहराच्या पोटात, टॉवरच्या सावलीतही, माणूस संपर्काबाहेर असू शकतो.

तर त्या निधीतून काय व्हावे, याचे उत्तर मला साधे वाटते. येणारा कॉल आणि येणारा ओटीपी कोणत्याही चालू नंबरचा कधीही थांबू नये. रिचार्ज संपला तरी हंगामी मजुराचा नंबर किमान वर्षभर त्याच्याच नावावर राहावा. पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. तिच्यातली सार्वजनिक डेटा केंद्रे पीसीओसारखी वस्तीतल्याच माणसाने चालवावीत आणि पाच-दहा रुपयांत तिथे मुलाचा अभ्यास, अर्ज, निकाल व्हावा. आणि प्रत्येक सरकारी योजनेने बाईचा स्वतःचा नंबर नसेल तर पर्यायी खातरजमा ठेवावी. या चारपैकी एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही.

बोलणे ही ज्याची त्याची निवड आहे आणि तिचे दाम ज्याने त्याने मोजावे, यात अन्याय नाही. पण कोणीतरी हाक मारली असता ती आपल्यापर्यंत पोचणे ही समाजात असण्याची पहिली अट आहे. पेनी पोस्टने ती ओळखली, पाव आण्याच्या कार्डाने ओळखली, २००३च्या मोफत इनकमिंगनेही ओळखली. जनता वसाहतीतला मुलगा आणि देवणीतली आई यांच्यात येणारी हाक विकाऊ वस्तूंच्या यादीतून काढणे हे दयेचे काम नाही, हक्काचे आहे. आणि त्यासाठीचा पैसा, कायदा आणि यंत्र तिन्ही आज देशाच्या हाती आहेत.