जुनी बॅटरी जाते कुठे?



गेल्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका चर्चमध्ये मी महिनाभर सेवेला होतो. तिथले एक निवृत्त गृहस्थ आपली 1994 सालची मोटरहोम दुरुस्त करीत होते. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर: पुढे स्टिअरिंग, मागे ओटा, पलंग आणि फ्रिज. तिच्यात एक बॅटरी इंजिनासाठी असते आणि दिवे-पंख्यांसाठी वेगळ्या. मध्ये एक रिले असतो. इंजिन बंद झाले की तो दोन्ही बाजू तोडतो, म्हणून रात्रभर दिवा जळला तरी सकाळी गाडी सुरू होते. त्यांचा रिले चिकटला होता. जुना चार्जर सतत एकाच व्होल्टेजने चार्ज करीत राहिल्यामुळे घराच्या दोन्ही बॅटऱ्यांतले पाणी आटले होते. त्यांनी सगळेच बदलायचे ठरवले आणि मी पाना धरून मदतीला उभा राहिलो. निगेटिव्हची वायर आधी काढायची, एवढेच मला ठाऊक होते! एकेक बॅटरी सुमारे 28 किलोची. माझी कंबर दोन दिवस धरली.

नव्या बॅटऱ्या देताना दुकानदाराने अनामत घेतली होती. जुन्या दिल्यावर ती परत मिळाली. मी सहज विचारले, "या आता कुठे जाणार?" ते म्हणाले, "रिसायकलिंगला, फादर." विषय तिथेच संपला.

माझ्या मनात मात्र तो राहिला. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. 2008 साली अमेरिकेने हवेतील शिशाची मर्यादा दहापट कडक केली. पुढच्या काही वर्षांत वापरलेल्या बॅटऱ्या सीमेपलीकडे मेक्सिकोत जाण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. तिथले नियम तेवढे कडक नव्हते. कायदा चांगलाच होता, पण धुराचा काही भाग शेजाऱ्याच्या अंगणात गेला. सेनेगलच्या डाकार शहरातील थियारॉय वस्तीत तर लोक हाताने जुन्या बॅटऱ्या फोडून मातीतून शिसे चाळत होते. तिथे 2007 च्या अखेरीपासून मार्च 2008 पर्यंत 18 मुले दगावली. शिशाने मुलांच्या मेंदूला इजा होते आणि अमुक इतके शिसे सुरक्षित असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सेमिनरीत आम्हाला 'दुष्कृत्यातील सहकार्य' हा विषय होता. मालकाला चोरून खिडकीतून आत शिरायचे आहे. त्याच्यासाठी शिडी धरणारा नोकर कितपत दोषी? संत आल्फोन्सस लिगोरी विचारतात: वाईट व्हावे ही त्याची इच्छा होती का? त्याची मदत किती जवळची? कारण किती गंभीर? या मापाने आमचे टेक्सासचे गृहस्थ जवळजवळ निर्दोष ठरतात. परीक्षेत मी हेच उत्तर लिहिले असते आणि मार्कही मिळाले असते.

पण शिडी धरणाऱ्याला मालक दिसत होता. इथे बॅटरी दहा हातांतून जाते आणि कोणी कोणाला पाहत नाही. अंतरामुळे दोष कमी होतो, हे मला मान्य आहे. अंतरामुळे विचारण्याचे कर्तव्यही कमी होते, हे मात्र मान्य नाही. जे जाणून घेणे आपल्यावर बंधनकारक आहे आणि शक्यही आहे, ते निष्काळजीपणाने न जाणणे हेच पाप, असे संत थॉमस अक्वायनस म्हणतात. 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर प्रत्येक वेळी खपत नाही. काइनानेही तेच दिले होते.

दुसऱ्यांचे कशाला सांगू? मोटरहोमच्या घरात असते तशीच शिशाची बॅटरी आपल्याकडे इन्व्हर्टरखाली असते. दोन वर्षांपूर्वी आपल्या हॉलच्या इन्व्हर्टरची बॅटरी मी बदलली. आपल्या देशात जुनी बॅटरी परत घेण्याचे नियम 2001 पासून आहेत. 2022 च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी मुख्यतः उत्पादकांवर टाकली. तरीही मी ती भंगारवाल्याला दिली, कारण तो दुकानदारापेक्षा 400 रुपये जास्त देत होता. त्या पैशांतून धर्मशिक्षणाच्या मुलांना वडापाव दिला. ती बॅटरी कोणी फोडली, कुठल्या शेडमध्ये, तिथे मुले होती का, हे मी विचारले नाही.

हॉलची बॅटरी पुन्हा कमकुवत झाली आहे. जुनी कुठे जाईल, हे लिहून द्या, असे मी मंगळवारी दुकानदाराला सांगितले. तो हसला. म्हणाला, "फादर, असे कोणी विचारत नाही." शनिवारपर्यंत कळवतो, म्हणाला आहे.