पत्ता सोडताना

भूगावपासून पौडपर्यंतच्या रस्त्याने जाताना खांबांकडे पाहिलं, तर विजेच्या तारांपेक्षा फायबरचीच वेटोळी जास्त दिसतात. पूर्वी टीव्हीचे पैसे मागायला येणारा केबलवाला आता इंटरनेटही देतो. मुळशीचा पाऊस सुरू झाला आणि जोडणी सारखी जायला लागली की माणसं वैतागून दुसऱ्या कंपनीला फोन करतात. तिचा मुलगा येऊन नवा राउटर लावून जातो. कंपनी बदलणं इतकं सोपं झालं हे चांगलंच झालं. पंचाईत होते ती ज्यांच्या ईमेलच्या पत्त्यात जुन्या कंपनीचं नाव आहे त्यांची. जोडणी तोडली की बऱ्याचदा पत्ताही जातो.

तरुणांना हे जुन्या काळातलं वाटेल, कारण त्यांनी पहिल्यापासून जीमेलच पाहिलं. पण विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा पत्ता जोडणीबरोबरच मिळायचा आणि 'ॲट'च्या पुढे 'व्हीएसएनएल' असायचं. प्राध्यापक, डॉक्टर, छोटे कारखानदार तो लेटरहेडवर कौतुकाने छापून घेत. पुढे सत्यम आलं, बीएसएनएलचं संचारनेट आलं, मग डेटावन. २००२ मध्ये विदेश संचार निगम टाटांकडे गेला आणि २००८ मध्ये त्याचं नावही टाटा कम्युनिकेशन्स झालं. (मुळशीच्या माणसाला टाटा म्हटलं की आधी धरण आठवतं, ते सोडा.) ज्यांनी ते पत्ते व्हिजिटिंग कार्डांवर छापले होते, त्यांना या व्यवहारात कोणी काही विचारलं नाही.

विचारण्याचं कारणही नव्हतं. 'ॲट'च्या पुढचं नाव ज्याचं, त्याचाच पत्ता. आपण तिथे भाडेकरू, फक्त हे भाडं इंटरनेटच्या बिलातच धरलेलं असल्याने लक्षात येत नाही. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. केंद्र सरकारने आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा ईमेल झोहो या कंपनीच्या यंत्रणेवर नेल्याची बातमी २०२५ मध्ये आली. सेवा देणारा बदलला, पण पत्ते होते तेच राहिले, कारण त्यांतलं 'जीओव्ही डॉट इन' हे नाव सरकारचं स्वतःचं. एखाद्या दवाखान्याला किंवा दुकानाला स्वतःच्या नावाचा डोमेन घेऊन हेच करता येतं. त्याचं वर्षाचं शुल्क फार नसतं, फक्त नूतनीकरण चुकवायचं नाही.

हा झाला तांत्रिक भाग. मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. आपण पत्ता सोडतो, तेव्हा तो ज्यांनी वहीत लिहून ठेवलाय त्यांचं आपण काही देणं लागतो का?

लागतो, असं माझं मत आहे. मुळशीच्या इतिहासात पत्ता सुटण्याची फार मोठी गोष्ट आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात पुढे होते, तुरुंगातही गेले. लढा हरला, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. त्या दुःखाशेजारी ईमेलची गोष्ट ठेवणं चावटपणाच. तरी एक फरक सांगतो. ज्याला हुसकावून लावलं, त्याने मागे निरोप का ठेवला नाही असं विचारायचा अधिकार कोणालाच नाही. आपण मात्र थोडा जास्त वेग मिळावा, महिन्याचे दोन-तीनशे रुपये वाचावेत म्हणून राजीखुशीने जातो. निरोप ठेवायला आपल्याला वेळ असतो.

बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी यांना नवा पत्ता आपण कळवतोच, कारण त्यात आपला स्वार्थ आहे. पासवर्ड विसरला तर नव्या पासवर्डची चिठ्ठी जुन्याच पत्त्यावर जाते, ही धास्ती पुरेशी असते. राहतात ती बिनकामाची माणसं: दिवाळीला चार ओळी लिहिणारा शाळेतला मित्र, बदली होऊन गेलेले साहेब, न्यू जर्सीतली मावसबहीण. तिने लिहिलं आणि 'पत्ता सापडला नाही' म्हणून मेल परत गेलं, तर निदान तिला कळेल तरी. ती फोन करेल. वाईट प्रकार वेगळाच आहे. पत्ता चालू ठेवायचा, पण उघडून बघायचा नाही. मेल पोचतं, परत येत नाही, उत्तरही येत नाही. ती समजते, दादाला आता आपली गरज उरली नाही. एखादं नातं असं गैरसमजाने वाळून जातं आणि दादाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पेटी एकतर नीट बंद करावी, नाहीतर बघत राहावी. मध्येच लोंबकळत ठेवू नये.

बघायची तर किमान वर्षभर बघावी. विम्याचा हप्ता, लाभांश, माजी विद्यार्थ्यांचं संमेलन, वाढदिवस ही सगळी वर्षाने येणारी मंडळी आहेत. महिन्याभराची मुदत त्यांना पुरत नाही.

दुसरी जबाबदारी कंपन्यांची. याहूने २०१३ मध्ये न वापरलेले जुने पत्ते नव्या लोकांना देऊ केले आणि काहींना आधीच्या मालकांची खासगी मेलं येऊ लागली. मोबाइलचा बंद झालेला नंबरही किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. असा कोणाचा तरी पत्ता किंवा नंबर आपल्या वाट्याला आला, तर आलेलं वाचत बसू नये, पाठवणाऱ्याला चूक कळवावी. पोस्टमनने शेजाऱ्याचं पाकीट चुकून टाकलं तर आपण हेच करतो.

आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर तोच मोबाइल नंबर ठेवून कंपनी बदलता येते. ईमेलचा पत्ता असा उचलून नेता येणार नाही, त्यात कंपनीचं नाव असतं. पण आलेली मेलं नव्या पत्त्यावर पुढे पाठवता येतात. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेत, जोडणी सोडणाऱ्या ग्राहकाला काही काळ ही सोय विनामूल्य द्यायला लावण्याची तरतूद आहे. ट्रायने असा नियम एक वर्षासाठी करायला हरकत नाही. कंपन्यांना तो जड जाणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करावं. जोडणी तोडायचा अर्ज देण्याआधी नवा पत्ता कळवा, पण सगळ्यांचे पत्ते एका रांगेत उघडे टाकून नको. तुमचा पत्ता बदलला म्हणून इतरांचे चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. आणि घरात सत्तरीतलं कोणी असेल, तर त्यांचा ईमेल कुठल्या कंपनीचा आहे हे आजच विचारून घ्या. त्यांच्या गुंतवणुकीची, विम्याची, जुन्या सहकाऱ्यांची पत्रं त्यावरच येत असतात, आणि इंटरनेट बदलायचं बहुतेक घरांत मुलगा-सून ठरवतात.