लाजेचं व्याज

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी २८ वर्षं काढली. व्याजाचा दर किती, हे विचारणारी माणसं त्या टेबलासमोर रोज बसत. पण दरापेक्षाही जास्त वेळा मी एक विनंती ऐकली. सही करून झाली, की माणूस इकडेतिकडे बघायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "मॅडम, पत्र घरी पाठवू नका."

पुरुष म्हणत, बायकोला कळायला नको. बायका म्हणत, ह्यांना सांगितलेलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले एक गृहस्थ म्हणाले होते, मुलाला कळलं तर तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलायचा नाही. सोनेतारणाचं तर वेगळंच होतं. आमच्या गावातल्या बायका पाटल्या-बांगड्या पिशवीच्या तळाशी घालून एस.टी.ने शेजारच्या गावच्या शाखेत जात, आणि शेजारच्या गावच्या बायका आमच्या शाखेत येत. दोन्हीकडे दर तोच, नियम तेच. गाडीभाडं आणि अर्ध्या दिवसाचा रोज बुडायचा तो केवळ ओळखीच्या माणसासमोर दागिना वजनकाट्यावर ठेवावा लागू नये म्हणून.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे, की आपल्या घरांत कर्जावर दोन व्याजं लागतात. एक करारावर छापलेलं असतं. दुसरं लाजेचं. त्याची पावती मिळत नाही, पण ते पहिल्यापेक्षा जड असतं, आणि पहिलं किती बसणार हेसुद्धा पुष्कळदा तेच ठरवतं.

आपल्या भाषेतच हे मुरलेलं आहे. कर्ज आपण 'फेडतो'. नवसही फेडतो, उपकारही फेडतो, आईबापांचे पांग फेडतो आणि केलेली पापंही इथेच फेडतो. एकाच क्रियापदाखाली ही सगळी मंडळी नांदतात. त्यामुळे बँकेचे ४०,००० रुपये देणं असलेल्या माणसाला नुसतं देणं असल्यासारखं वाटत नाही, आपल्या हातून काहीतरी चुकलं आहे असं वाटतं. 'कुणाचा एक पैसा देणं नाही' हे आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल काढलेलं मोठं प्रशस्तिपत्र. आणि म्हणूनच कदाचित गेल्या तीसेक वर्षांत 'लोन' हा शब्द इतका सहज रुळला. कर्ज काढलं म्हणताना मान खाली जाते, लोन केलं म्हणताना जात नाही. गृहकर्जाला तर प्रतिष्ठाच आली. मात्र आजारपणासाठी, धंद्यात खोट आली म्हणून किंवा महिनाअखेर गाठण्यासाठी घेतलेल्या पैशाला आजही 'लोन' म्हणायचा धीर होत नाही. ते कर्जच राहतं, आणि ते लपवलं जातं.

माझ्या घरची गोष्ट सांगते. वडील प्राथमिक शिक्षक होते. शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार आले. आज तुम्ही माझ्यासाठी सही करा, उद्या मी तुमच्यासाठी करतो, अशी ती साखळी असते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १२८व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सही करताना हे कुणाच्या मनात नसतं. मनात असतं ते इतकंच, की नाही कसं म्हणायचं. वडिलांनी ज्यांच्यासाठी सही केली त्यांतले एक सहकारी दीर्घ आजारानं अंथरुणाला खिळले, हप्ते थांबले, आणि १९८४ साली वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली. त्यांनी आईला सांगितलं, महागाई भत्त्याचा काहीतरी घोळ झाला आहे, फरक नंतर मिळेल.

त्याच वर्षी मी कॉलेजात गेले. घरात पैसे कमी येत आहेत हे आईला दिसत होतं, कारण ठाऊक नव्हतं. वडिलांवर आणखी ओझं नको म्हणून तिनं आपल्या पाटल्या एका सावकाराकडे ४,००० रुपयांना गहाण ठेवल्या. दर शेकडा तीन, म्हणजे शंभराला महिना तीन रुपये. २६ महिन्यांनी पाटल्या सुटल्या तेव्हा तिनं ३,१२० रुपये व्याज भरलेलं होतं. पतसंस्थेत त्याच काळात तातडीचं कर्ज शेकडा एकनं मिळत होतं, जामिनाशिवाय. त्याचं व्याज १,०४० रुपये झालं असतं. उरलेले २,०८० रुपये आमच्या घरानं न बोलण्यासाठी मोजले. वडील आईपासून कपात लपवत होते, आई वडिलांपासून पाटल्या. दोघंही एकमेकांना जपत होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. या गोष्टीतलं सगळ्यात दुखणारं तेच आहे.

पुढे बँकेत बसल्यावर दिसलं, की आमचं घर एकटं नव्हतं. कर्जांची उतरंड लावून पाहा. पतसंस्थेचं कर्ज तुलनेनं स्वस्त, पण दोन माणसांपुढे तोंड उघडावं लागतं. बँकेचं वैयक्तिक कर्ज त्याहून महाग, पण तिथे कागदपत्रांवर भागतं. क्रेडिट कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास लागतात, आणि त्यासाठी कुणाशी बोलावंच लागत नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपचं कर्ज पाच मिनिटांत, रात्री दोन वाजता, पांघरुणाखाली मिळतं. वर जावं तसा दर वाढतो आणि विचारणारी माणसं कमी होत जातात. अडचणीतला माणूस आकडे कळत नाहीत म्हणून महाग कर्ज घेतो, असं शहाणी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. एकांत हवा असतो म्हणून तो महाग कर्ज घेतो, आणि त्या एकांताची किंमत मोजतो.

विचारण्याचीही लाज असते. दुचाकी किंवा फ्रीज हप्त्यानं घेताना सांगितला जाणारा १२ टक्के दर बऱ्याचदा 'फ्लॅट' असतो. एक लाखाला दोन वर्षांचं व्याज २४,००० धरायचं आणि १,२४,००० चे २४ हप्ते पाडायचे, प्रत्येकी ५,१६७ रुपयांचा. पण मुद्दल तर दरमहा कमी होत असतं. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. 'हा दर फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर?' एवढाच प्रश्न. पण काउंटरवर, मागे रांग असताना, आपल्याला कळत नाही हे दाखवायची तयारी नसते.

कर्जाचा हिशेब न कळण्याची ही गोष्ट नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव ते युद्ध संपल्यावर कोसळला होता, सरकारनं शेतसारा वाढवला होता, आणि गावच्या जमिनी हळूहळू सावकारांकडे चालल्या होत्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहास या उठावाला ओळखतो. त्या लोकांना हवे होते कर्जरोखे. गावोगाव त्यांनी रोखे आणि वह्या मागून घेतल्या आणि जाळल्या. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. रोख्यावर लिहिलेल्या रकमेवर न थांबता त्यामागचा सगळा व्यवहार तपासण्याची मुभा त्यानं न्यायालयांना दिली आणि ऋणकोला हिशेब व पावती मिळण्याची सोय केली. म्हणजे मूळ दुखणं काय होतं ते सरकारलाही कळलं होतं. देणं एकाचं आणि वही दुसऱ्याच्या हातात, अशी ती अवस्था होती. त्या काळच्या न्यायालयांनी दामदुप्पटीचा जुना हिंदू नियमही मानला होता. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येणार नाही, असा तो नियम. व्याजानं कुठेतरी थांबायला हवं, हे जुन्या शास्त्रकारांनाही ठाऊक होतं.

आज वही आपल्याच फोनमध्ये असते, पण घरातल्या एकाच फोनमध्ये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ वर नेला. गृहकर्जाचे दर चढले, पण पुष्कळांचा हप्ता तोच राहिला. वाढली ती मुदत. ५० लाखांचं, २० वर्षांचं, ७ टक्क्यांचं कर्ज धरा. हप्ता ३८,७६५ रुपये. दर ९ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांची ३८ वर्षं होतात. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बजावलं. पण विचारणार कुणाला? ज्याच्या नंबरवर संदेश येतो त्याला. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून हल्ली बायकोचं नाव पुष्कळदा कागदावर असतं. ती सहकर्जदार असते, कायद्यानं तितकीच बांधलेली. मी अशा कितीतरी जणींना विचारलं, अजून किती वर्षं राहिली? उत्तर ठरलेलं असायचं: "ते ह्यांना माहीत."

याच बायका बचत गटात बसल्या की चित्र बदलायचं. कुणी किती घेतले, कशासाठी घेतले, किती आले, सगळं बैठकीत मोठ्यानं वाचलं जातं. दर बहुधा शेकडा दोन असतो, म्हणजे स्वस्त नव्हे. पण व्याज गटाच्याच पेटीत पडतं, आणि एखादीचा हप्ता चुकला तर का चुकला हे बाकीच्यांना आधीच माहीत असतं. पोरगं दवाखान्यात आहे, म्हशीचं दूध आटलं आहे. तिथे कर्ज उघड असतं आणि तरीही अब्रू शाबूत राहते. सगळीकडे असंच असतं असं म्हणणार नाही. आठवड्याच्या वसुलीला येणारा माणूस पैसे मिळेपर्यंत दारातून हलत नाही आणि गल्ली बघत राहते, तेही मी पाहिलं आहे. आपणहून सांगणं आणि दुसऱ्यानं चव्हाट्यावर मांडणं यांत फार मोठं अंतर आहे.

अ‍ॅपवाल्यांनी हे अंतर नेमकं हेरलं. त्यांच्यातल्या वाईटांनी कर्ज देतानाच फोनमधली नावांची यादी काढून घेतली आणि हप्ता चुकला की मामाला, शाळेतल्या मैत्रिणीला, साहेबाला फोन केले. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली डिजिटल कर्जांसाठी नियम केले, संपर्क यादीला हात लावायला मनाई केली. तरीही बेकायदा अ‍ॅप आहेतच. त्यांचं तारण ना सोनं, ना सातबारा. 'घरी कळेल' ही भीतीच त्यांनी तारण ठेवून घेतलेली असते. या भीतीपायी तरुण मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. घरी आधीच माहीत असतं, तर त्या तारणाची किंमत शून्य झाली असती.

आणि शेवटी घरी कळतंच. नवऱ्याचे दिवस होतात न होतात, तोच कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन-तीन कर्जांचे कागद घेऊन बाई बँकेत येते. "हे मला भरावं लागेल का हो?" सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नसेल, तर वारसाची जबाबदारी वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच, त्याहून एक रुपया जास्त नाही. बापाचं कर्ज मुलानं फेडलंच पाहिजे, हे जुन्या हिंदू कायद्यातलं धार्मिक कर्तव्यही २००५ च्या दुरुस्तीनं संपवलं आहे. मी हे समजावून सांगत असे. बाया ऐकून घेत, मुलं मान हलवत, आणि महिन्याभरानं थोडे थोडे पैसे भरायला येत. वडिलांच्या नावावर देणं राहू नये म्हणत. त्यांच्याबद्दल मला आदरच वाटला. पण त्या वडिलांनी हयातीत एकदा घरच्यांना समोर बसवून सांगितलं असतं, तर यातलं निम्मंअधिक देणं वाढलंच नसतं.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पुजतात. आमच्या घरात व्यापार कधीच नव्हता, पण निवृत्त झाले त्या वर्षीपासून मी एक वही आणते. घरातला प्रत्येक जण तिच्यात आपलं देणं स्वतःच्या अक्षरात लिहितो: कुणाचं, किती, काय दरानं, कधीपर्यंत. पहिल्या वर्षी वही तासभर कोरीच राहिली होती. मग मुलानं कार्डावरचे ६२,००० लिहिले, आणि त्याच्याखाली माझ्या नवऱ्यानं मित्राकडून घेतलेले हातउसने २५,०००, जे मलाही माहीत नव्हते. त्या रात्री कुणी कुणाला बोललं नाही. आठवड्याभरात माझी एक मुदतठेव मोडून कार्डाचे पैसे भरले. या वर्षी वहीत तीनच ओळी आहेत.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पाडवा दोन-चार दिवसांवर असेल. शंभर पानी वही कोणत्याही दुकानात मिळते. तेवढी घरी आणा, आणि पहिली ओळ मुलांना लिहायला लावू नका. ती घरातल्या मोठ्या माणसानं लिहावी.