वयाचा दाखला आणि आपली साक्ष



रविवारी मिस्सानंतर चर्चच्या कार्यालयाबाहेर अधूनमधून एखादी आजी थांबलेली दिसते. हातात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि घड्या पडलेले दोन-चार कागद. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज करायचा असतो. त्यासाठी 65 वर्षे पूर्ण हवीत. वय विचारले की उत्तर मिळते, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धाकटा भाऊ माझ्या कडेवर होता." 1967चा तो भूकंप तिला लख्ख आठवतो, पण तहसील कार्यालयात आठवण चालत नाही, कागद लागतो.

कागद तरी किती खरे? त्या पिढीतल्या पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून हीच जन्मतारीख आहे. गुरुजींनी नाव घालताना सोयीची तारीख टाकली. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली सांगितले. जी कधी शाळेतच गेली नाही, तिच्यासाठी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील एक ओळ हाच जुना लेखी आधार उरतो.

आणि त्या ओळीत वय दोन वर्षांनी कमी निघाले तर? समोर वाकलेली पाठ, भेगाळलेले हात, घरात कमावते कोणी नाही. सोबत आलेला नातेवाईक हळूच म्हणतो, "दोन वर्षं वाढवून लिहा, कुणाचं काय जातं?"

ही विनंती ऐकून आम्हाला राग येत नाही. 65ची रेषा माणसांनीच आखली आहे. उन्हातान्हात राबलेले शरीर त्याआधीच थकते. एका बाजूला वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची चौथी आज्ञा, दुसऱ्या बाजूला खोट्या साक्षीविषयीची आठवी. कोणती पाळायची?

आम्हाला वाटते, तारीख बदलता येणार नाही. ती नोंदवही एकटीची नाही. तिच्यातली एक ओळ वाकवली तर उद्या खरोखर 65 वर्षे झालेल्या, दुसरा कागद नसलेल्या गरिबाची साक्षही कोणी मानणार नाही. एकीवर दया करताना आपण दुसऱ्याचा आधार काढून घेऊ.

पण एवढे बोलून आपण हात झटकले, तर आपला खरेपणा फुकटचा ठरेल. 65 वर्षांखालील निराधारांसाठी, विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दोन्ही योजनांची मदत 2023 साली दरमहा 1,500 रुपये करण्यात आली. तो अर्ज भरून देणे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिच्यासोबत तलाठ्याकडे जाणे, रांगेत तिच्या जागी उभे राहणे, हे आपण करू शकतो. आणि मंजुरी येईपर्यंत तिच्या घरी तांदूळ आहेत की नाहीत, हेही आपणच पाहायचे.

तारीख बदलणार नाही, असे आपण ज्या दिवशी सांगतो, त्या दिवसापासून तिची चूल आपल्या विवेकावर येते. आपल्या वाडीत अशी आजी कोण आहे, याचा या आठवड्यात विचार करू या.